हळू न चालणारी नाव

आमचं घर तापीच्या अगदी काठावर होतं. अलीकडे जळगाव जिल्हा, पलीकडे धुळे, आणि मधे आमची नाव. सकाळी झोपेतून उठायच्या आधी जे कानावर पडायचं ते म्हणजे पलीकडच्या काठावरून कुणीतरी मारलेली आरोळी, "नाववाला होऽऽ!" आणि त्या पाठोपाठ माझ्या वडिलांचं, आबांचं खोकणं, दाराची कडी, मायचं चुलीत फुंकर घालणं. शिरपूरकडच्या बाया कपाशी वेचायला अलीकडे यायच्या, अलीकडची माणसं अमळनेरची गाडी चुकली की पलीकडून एसटी पकडायची. लग्नाची वऱ्हाडं, शेळ्या, गुळाच्या ढेपी, आजारी माणसं, सगळं आमच्या नावेतून जायचं. गाव त्याबद्दल वर्षाचं धान्य द्यायचं, आणि राहायची ही जागाही गावानं नावेसाठीच दिलेली होती. मला तेव्हा वाटायचं, नदी आमच्या घरचीच आहे आणि गावाला आम्ही ती वापरू देतो.

आबांचा उजवा खांदा आदल्या पावसाळ्यात गेला. पुरात वाहत आलेलं बाभळीचं खोड नावेवर येऊन आदळलं आणि त्यांनी ते हातानं परतवायचा प्रयत्न केला. हाड बसवणाऱ्यानं हाड बसवलं, पण हात काही परत आला नाही. जेवताना ते डाव्या हातानं उजवा उचलून मांडीवर ठेवायचे आणि मग डाव्यानं घास घ्यायचे. कुणी बघतंय असं वाटलं की जेवण अर्धं टाकून उठायचे. दोन वल्ह्यांपैकी एक काका मारायचा, पण तो कधीच सुरतेला गिरणीत गेला होता. उरले मी आणि आबांचा डावा हात. मी सतरा वर्षांची, अंगानं चांगली दणकट, पण भरलेली नाव मधल्या डोहातल्या ओढीला एकटीनं धरून ठेवणं मला जमायचं नाही. खोटं कशाला सांगू, दोनदा आम्ही खाली वाहवत जाऊन वाळूत रुतलो आणि लोकांना गुडघाभर पाण्यातून चालत यावं लागलं.

तेव्हा भाऊनं मोटर आणली. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ, जळगावला एका मिलमध्ये वायरमन होता आणि फक्त रविवारी घरी यायचा. धुळ्याच्या भंगारबाजारातून त्यानं चोवीस व्होल्टची एक जुनी लष्करी मोटर मिळवली, ट्रकच्या दोन बॅटऱ्या जोडल्या, गावातल्या लोहाराकडून पंखा ठोकून घेतला आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी ते सगळं बसवून नाव डोहात घातली. वेग कमीजास्त करायला त्यानं एक लाकडी खोकं केलं होतं. खोक्यात जाड तारेची गुंडाळी, वर पितळेची तीन बटणं आणि शेवटी दोन पितळी पट्ट्यांचा चिमटा. त्यावरून एक पितळी दांडा फिरायचा. दांडा पहिल्या बटणावर आला की वीज सगळ्या तारेतून वळसा घालून जायची आणि नाव हळू चालायची, दुसऱ्या-तिसऱ्यावर जरा जोरात, आणि दांडा चिमट्यात शिरला की बॅटरी थेट मोटरला आणि नाव सुसाट. आज माझ्या नातवाला हे सांगितलं तर तो भिंतीवरच्या पंख्याचं बटण दाखवून म्हणतो, आजी, हेच ना? हेच रे बाबा, पण त्या बटणावर कुणाचं घर अवलंबून नसतं.

पहिल्या दिवशी नाव अशी चालली की पलीकडच्या काठावरची पोरं टाळ्या वाजवत पाण्यात शिरली. आबांनी डाव्या हातानं दांडा धरला होता. धक्क्याला लागताना त्यांनी तो मागे पहिल्यावर आणला आणि नाव म्हशीसारखी शांत येऊन दगडाला टेकली. संध्याकाळी त्यांनी मायला वांग्याचं भरीत करायला सांगितलं आणि पाटावर सगळ्यांच्या देखत बसून पोटभर खाल्लं. मायनं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर तेल सोडलं, ते मला आजही दिसतं.

पुढच्याच आठवड्यापासून घोर सुरू झाला. सकाळची पहिली खेप निघाली की पहिलं बटण मरायचं. दांडा ठेवला की मोटर एकदा गुरगुरायची, ठिणगी उडायची आणि बंद. दुसऱ्यावर तसंच, तिसऱ्यावर कधी चाले, कधी नाही. चिमट्यात दांडा घातला की मात्र मोटर जीव खाऊन धावायची. म्हणजे नावेला दोनच गोष्टी येत होत्या, उभं राहणं आणि उधळणं. नदी ओलांडायला जोर चालतो, पण काठाला लागताना हळूच यावं लागतं. आबा अंदाजानं मोटर आधीच बंद करायचे, मग नाव धक्क्यापर्यंत पोचायची नाही आणि वाहवत जायची. परत जोर दिला की धाडकन दगडावर. माणसं ओरडायची, शेळ्या उड्या मारायच्या, आणि मी बांबू घेऊन पुढे उभी, दगड चुकवायला.

रविवारी दुपारी भाऊ यायचा, चपला काढायच्या आधी खोकं उघडायचा. बटणांवर काळपट, तपकिरी थर चढलेला असायचा. तो म्हणायचा, ठिणगीनं पितळ जळतंय. मग पॉलिश कागदानं बटणं घासून सोन्यासारखी करायचा आणि नाव चालवून बघायचा. नाव त्याच्यासमोर सुतासारखी सरळ चालायची. संध्याकाळच्या गाडीनं तो परत जायचा, आणि सोमवारी सकाळी पुन्हा तेच. त्यानं बॅटऱ्या अमळनेरला पाठवून तपासून घेतल्या. मोटरचे कार्बन बदलले. तारा दुप्पट जाड घातल्या, कारण चोवीस व्होल्टला म्हणे एवढासा अडथळाही जड जातो, घरच्या विजेसारखी ती ढकलून पुढे जात नाही. तारेची गुंडाळी नवी केली. मग त्याच्या डोक्यात आलं की सकाळचं दव खोक्यात शिरत असणार, म्हणून त्यानं खोक्याला गोणपाट शिवून घेतलं. आम्ही बॅटऱ्या रात्री घरात आणून चुलीजवळ ठेवू लागलो. सगळं केलं, आणि सोमवारी सकाळी नाव बंद ती बंदच.

शेवटी एका रविवारी तो आबांवर घसरला. "मी चालवली की चालते, तुम्ही चालवली की मरते. दांडा हिसडता तुम्ही. डावा हात आहे, हलका नाही." जळगावला राहून त्याची बोली बदलली होती, तो आमच्याशी शहरातल्यासारखं बोलायचा. आबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. मांडीवरचा उजवा हात डाव्यानं उचलून त्यांनी दुसरीकडे ठेवला, एवढंच. मला भाऊच्या कानाखाली द्यावीशी वाटली. आणि रडूही आलं, कारण त्याचेही डोळे लाल होते आणि बोटं कागदानं सोलवटली होती.

त्यानंतरच्याच आठवड्यात नाव धक्क्यावर इतक्या जोरात आदळली की गावातली गिरजाअक्का पुढच्या फळीवरून दगडावर पडली आणि तिचं मनगट मोडलं. म्हातारी बिचारी उलट आबांनाच धीर देत होती. पण बुधा नाना बोलले. गावचा नावेचा कारभार नानांकडे असायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, जसं शेतावरच्या सालदारांचं वर्षाचं काम ठरतं तसंच आमचंही ठरायचं. नाना घरी आले, ओट्यावर टेकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आखाजीलोंग दखसूत, आबा. पोरी माहेरले येतीन, लेकरं संगे राहतीन. नही चालनी ते मंग दुसरा नावाडी दखना पडी." आखाजीपर्यंतची मुदत देताना त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. दुसरा नावाडी म्हणजे हे घरही त्याचं. आम्ही कुठे जाणार होतो, हे कुणी विचारलं नाही.

एक दिवस भर दुपारी मी भांडी घासायला उतरले तर आबा डोहात गळ्याइतक्या पाण्यात उभे होते. अंगात कपडे तसेच, तोंड पलीकडे. मी हाक मारली तर वळले नाहीत. माय मागून धावत आली, साडीसकट पाण्यात शिरली आणि त्यांचा डावा दंड धरून उभी राहिली. मग आबा म्हणाले, "खांदाले थंड लागे म्हनीसन उभा शे." आम्ही तिघांनीही ते खरं मानल्यासारखं केलं आणि घरी आलो. त्या दिवसापासून माय त्यांना एकटं सोडेना. आणि सकाळची एक पूजा होती तिच्या दोन झाल्या, सकाळी आणि दिवेलागणीला.

ही पूजा सांगायला हवी. आमच्या धक्क्याच्या वर आसरांचे सात दगड होते, पाण्यातल्या बायांचे. नावेच्या घरातल्या सवाशिणीनं रोज पहाटे पहिली खेप निघायच्या आधी तेलात कालवलेला शेंदूर त्यांना लावायचा आणि त्याच बोटानं नावेच्या नाकाडावर टिळा ओढायचा, ही पिढ्यान् पिढ्यांची चाल. आम्हा पोरींना त्या शेंदराच्या डबीला हात लावायची परवानगी नव्हती. मोटर आली तेव्हा माय साहजिकच तिलाही रोज टिळा लावू लागली. यात कुणालाही काही वावगं दिसलं नाही. आमच्याकडे इंजिनाला, बैलगाडीला, ट्रकला, शिवणयंत्राला, कशाला कुंकू-शेंदूर नसतो? तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता, म्हणूनच कुणाला दिसत नव्हता.

आखाजी आठवड्यावर आली आणि सोमवारी मायला कावळा शिवला. ती गोठ्याच्या बाजूच्या पडवीत बसली. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. स्वयंपाक माझ्याकडे आला, आणि आसरांची पूजा अर्थातच बंद. आदल्या महिन्यात असं झालं होतं तेव्हा नाव डांबर लावायला काठावर उलटी घातली होती, त्यामुळे त्या वेळी काही कळायचा प्रश्नच नव्हता. या वेळी आदल्या दिवशी दिवेलागणी उरकल्यावर भाऊ बटणं घासून गेला होता. मी आणि आबा सोमवारी सकाळी नेहमीसारखे जीव मुठीत धरून निघालो, आणि नाव पहिल्या बटणावर चालली. धक्क्याला हळू लागली. दुपारी चालली, संध्याकाळी चालली. मंगळवारी चालली, बुधवारी चालली. आबांच्या तोंडावर कसं कुणास ठाऊक, पण थोडं रक्त आलं. पलीकडे उतरलेल्या एका माणसाशी ते चक्क पावसाबद्दल बोलले. मी तर वेड्यासारखी गुणगुणत भाकऱ्या थापत होते. पडवीतून माय नदीकडे टक लावून बघायची. मी तिला ओरडून सांगायचे, माय, चालनी बघ! ती मान हलवायची आणि गुडघ्यात तोंड घालायची. मला वाटलं, आनंदानं रडते आहे.

चौथ्या दिवसानंतर तिनं न्हाऊन घेतलं. शुक्रवारी पहाटे मी उठले तेव्हा ती एका लुगड्यात आपले दोन कपडे बांधत होती. मी विचारलं, "माय, कथी जाय राहयनी?" ती म्हणाली, "मामाना गाव. आखाजी व्हई जाऊ दे, मंग दखसू." मी म्हटलं, आखाजीला घागर कोण भरेल, खापरावरच्या पोळ्या कोण करेल? तिनं गाठ आवळली. "मी दूर बसनू ते नाव चालनी. चार दिवस चालनी. मना पाय या घरमा पडना आनि नाववर संकट उनं, बायका म्हनतसच ना. मनी सावली पडस आनि ती बंद पडस. तुना बापले ही नाव पाहिजे. मी नही दिसनी ते चालई." हे ती अगदी साध्या आवाजात बोलली, जणू बाजारातून काय आणायचं ते सांगत होती. मी तिचं बोचकं ओढलं, रडले, भांडले. ती एवढंच म्हणाली की जायच्या आधी आसरांना शेवटचा शेंदूर लावून येते.

मी तिच्या मागोमाग धक्क्यावर गेले. नुसतं तिला एकटी जाऊ द्यायचं नाही म्हणून गेले, डोक्यात दुसरं काही नव्हतं. तिनं सातही दगडांना शेंदूर लावला. मग नावेच्या नाकाडाला लावला, डोकं टेकवलं. मग आत वाकली, गोणपाट बाजूला केलं आणि दांड्याच्या टोकाला, जिथे तो पहिल्या बटणावर टेकलेला असायचा, तिथे बोट उमटवलं. ती तिथे फार वेळ थांबली, पुटपुटत, पुन्हा पुन्हा बोट फिरवत. उन्हाळ्यातली पहाट, पितळ कोमट होतं. तेल पातळ झालं आणि शेंदराचा एक ओघळ दांड्याखाली शिरून बटणावर पसरला. मी ते बघत होते. आणि रविवारी भाऊ जो काळपट, तपकिरी थर घासून काढायचा तो मला आठवला. जळलेला शेंदूर. चार दिवस शेंदूर नव्हता आणि चार दिवस नाव चालली होती.

मी मायला बाजूला केलं, घरातून दोन्ही बॅटऱ्या ओढत आणल्या आणि तार जोडून दांडा सरकवला. गुरगुर, ठिणगी, बंद. मग मी दांडा उचलला, पदराच्या टोकानं त्याचं खालचं तोंड पुसलं, तिन्ही बटणं पुसली, घासलेटच्या चिंधीनं पुन्हा पुसली. दांडा ठेवला. मोटर घुमू लागली आणि नाव दोराला ताण देऊन हळूच पुढे सरकली. चिमटा दांड्याला दोन्ही बाजूंनी घट्ट धरून तेल खरवडून टाकायचा, म्हणून तेवढा एक चालायचा. बाकी बटणांवर दांडा नुसता तेलावर तरंगत होता. मी आनंदानं ओरडलेच, "माय, तुनी सावली नही वं! शेंदूर शे! तेलना शेंदूर!" आणि मी तिला पुन्हा एकदा लावून, पुन्हा पुसून दाखवलं. मूर्खासारखी हसत दाखवलं.

तिला कळलं. मायला कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागत नसे. ती नावेच्या कडेवर बसली आणि आपल्या तांबड्या बोटाकडे बघत राहिली. "म्हंजे मनाच हातनं व्हयनं ना?" ती म्हणाली. "गिरजाअक्काना हात मनाच हातनं मोडना. तुना बाप पानीमा उभा राहयना तो बी." सावलीपासून मी तिला सोडवलं होतं आणि त्याहून वाईट ठिकाणी आणून बसवलं होतं. नाव बंद पडली की ती जास्त कळवळून लावायची, आणि जास्त लावलं की नाव जास्त बंद पडायची. आबा पाण्यात उभे राहिले त्या दिवसापासून तर ती दोनदा लावत होती. आज पन्नास वर्षांनी, तिच्या वयाच्या कितीतरी पुढे जाऊन, मला तिचं ते तांबडं बोट आठवतं. त्या पहाटे शेंदराची डबी पाण्यात टाकायला तिनं हात उचलला तेव्हा वरून आवाज आला, "थांब."

आबा धक्क्याच्या पायरीवर उभे होते. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक, बहुतेक सगळंच. मी म्हटलं आता काय होतंय. भाऊचं ते हात हलका नसल्याचं बोलणं त्यांनी गिळलं होतं. गावाचं बोलणं गिळलं होतं. एवढ्या दिवसांचा राग कुठेतरी निघणारच होता. पलीकडच्या काठावर पहिली माणसं गोळा झाली होती आणि आरोळ्या मारत होती. आबा हळूहळू खाली आले, नावेत उतरले आणि मायच्या समोर फळीवर बसले. डाव्या हातानं त्यांनी सदऱ्याची गुंडी काढली आणि उजवा खांदा उघडा केला. तो खांदा आम्ही कुणीच नीट बघितलेला नव्हता. हाड वर आलेलं, खाली खळगा, दंड काठीसारखा वाळलेला. ते कुणालाही तो दाखवत नसत, मायलासुद्धा नाही.

"शेंदूर आसराले ऱ्हाऊ दे," ते डाव्या हाताचं बोट खांद्यावर ठेवत म्हणाले. "मशीनले तेल नही चालस. आठे चालस. आठे लाव."

मायनं पलीकडच्या माणसांकडे बघितलं. पदर पुढे ओढला. "आहो, बठ्ठा दखी राहयनात."

"दखू दे," आबा म्हणाले. "लाव. पन शेंदूर पुसीसन लाव, मी काय मारोती शे का?"

मायच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की रडण्याचा हे मला आजही सांगता येणार नाही. तिनं बोट लुगड्याला पुसलं, पूजेच्या दिव्यासाठी आणलेल्या बुधलीतलं तेल तळहातावर घेतलं आणि त्या खांद्यावर ठेवलं. आबांनी डोळे मिटून घेतले. पलीकडून कुणीतरी पुन्हा आरोळी मारली, "नाववाला होऽऽ!" आबा डोळे न उघडताच म्हणाले, "कमल, तू ने. हळू ने." मी दोर सोडला, दांडा पहिल्या बटणावर ठेवला, आणि त्या दोघांना तसंच बसवून नाव पलीकडे घेऊन गेले.